रूलेटच्या चक्रावरची हिरवी घरं मोजलीत का?

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर बसलोतो. ग्रुपमधली दोघं नुकतीच गोव्याच्या कॅसिनोतून रूलेट खेळून आलेली (फिरत्या चक्रात गोटी टाकतात, ती कुठल्या आकड्याच्या किंवा रंगाच्या घरात पडेल त्यावर पैसे लावायचे), त्यातला एक म्हणला, भावा सलग पाच वेळा लाल आलं म्हणून सहाव्यांदा सगळं काळ्यावर लावलं तर परत लालच! मी विचारलं, चक्रावर हिरवी घरं किती होती? दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मोजलीच नव्हती, आणि सगळी गोम तिथंच आहे.

युरोपियन चक्रात १ ते ३६ आकडे (निम्मे लाल, निम्मे काळे) आणि हिरवं ० धरून ३७ घरं, अमेरिकनमध्ये ०० जास्त म्हणजे ३८, आणि लास वेगासला आता तीन शून्यांची ३९ घरांची चक्रंपण आहेत. पण बक्षीस तिन्हीकडं तेच, एका आकड्यावर एकाला ३५. मी तिथंच चहाच्या बिलामागं मांडून दाखवलं, ७ वर दर वेळी १०० रुपये लाव आणि समज प्रत्येक घर एकेकदा आलं, तर युरोपियनवर ३७०० घालून ३६०० (३५०० बक्षीस आणि त्या डावाला लावलेले १००) हातात, अमेरिकनवर ३८०० घालून ३६००च, तीन शून्यांवर ३९०० घालून तेवढेच. म्हणजे तोटा २.७०, ५.२६ आणि ७.६९ टक्के. एक हिरवं घर वाढलं की तोटा जवळजवळ डबल, दोन वाढली की जवळजवळ तिप्पट.

मग काहीजण जिंकून कसे येतात? हा भाग मला लई आवडतो. लालवर १००-१०० लावत १०० डाव खेळलास तर युरोपियनवर सरासरी तोटा २७० रुपये, पण नशिबाचा हेलकावा साधारण हजार रुपये इकडं-तिकडं, त्यामुळं त्या रात्री बरेचजण फायद्यात उठतात. आता १०,००० डाव धर. तोटा डावांच्या संख्येनं वाढतो म्हणून २७,०००, हेलकावा मात्र त्या संख्येच्या वर्गमुळानं वाढतो म्हणून फक्त १०,०००च्या आसपास. अमेरिकनवर तोटा ५२,६०० आणि हेलकावा तेवढाच. कॅसिनो रोज हजारो डाव खेळतो, त्याला नशीब लागतच नाही.

फ्रेंच नियमात शून्य आलं तर लाल-काळ्यावरचे अर्धे पैसे परत मिळतात, तिथं तोटा १.३५ टक्क्यांवर येतो. उलट अमेरिकन टेबलावर ०, ००, १, २, ३ असा पाच आकड्यांचा डाव असतो त्यात ७.८९ टक्के जातात, तो लावूच नये.

आणि पाच लालनंतर काळं येणारच, हे डोक्यातनं काढा. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत सलग २६ वेळा काळं आलं आणि आता तरी लाल येईल म्हणून लोक पैसे ओतत राहिले, बुडाले. मागचा डाव चक्राच्या लक्षात राहत नाही. जन्मतारखेचा लकी आकडा सांगून पैसे घेणाऱ्यांचा तर मला रागच येतो, गोटी कुठं पडणार हे तिचा वेग, चक्राचा वेग आणि बसणारे धक्के ठरवतात, पत्रिकेचा काय संबंध?

बिलाचा तो कागद मित्रानं घडी घालून पाकिटात ठेवला. पुढच्या वेळी आधी हिरवी घरं मोजतो म्हणलाय.