भिंतीआड लपूनही गोळी का लागते?

भाच्यानं घरचं इंटरनेट १०० एमबीपीएसवरून ३०० वर नेलं. म्हणजे आईच्या मागे लागून तिला न्यायला लावलं. दोनच दिवसांत मला फोन. "मामा, पैसे पाण्यात. स्पीड टेस्टला तीनशे दाखवतंय, पण गेममध्ये पिंग तेवढाच येतोय. काल भिंतीमागे पोचलो होतो, पूर्ण आत होतो, तरी उडवला मला."

"कुठल्या सर्व्हरवर खेळतोस?"

"युरोप. शाळेतला मित्र म्युनिकला गेलाय ना शिकायला. तो तिथून, मी इथून."

तक्रारीचं अर्धं उत्तर तिथंच होतं. पण मामा लोकांना अर्धं उत्तर देऊन गप्प बसायची सवय नसते.

पिंग हा शब्द आला पाणबुड्यांकडून. सोनारमधून आवाजाचा एक ठोका सोडायचा आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून समोरचं जहाज किती लांब ते ओळखायचं. १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस या अमेरिकी प्रोग्रामरनं नेटवर्कमधला बिघाड शोधण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याला हेच नाव दिलं. काम तेच: इकडून माहितीचं एक छोटंसं पुडकं पाठवायचं आणि ते परत येईपर्यंत घड्याळ लावून बसायचं. गेममध्ये पिंग म्हणतात तो हाच वेळ.

एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला किती माल जातो त्याचं माप, ही भानगड वेगळी. जाहिरातवाल्यांनी दोन्ही गोष्टी 'स्पीड' या एकाच पोत्यात कोंबल्यामुळे सगळा घोळ झालाय. स्वारगेटहून दादरला जाणारी एसटी घ्या. तिच्यात १० टेराबाइटच्या १००० हार्ड डिस्क भरा आणि चार तासांत दादरला उतरवा. हिशेब केला तर सेकंदाला साडेपाच हजार गिगाबिट भरतात, भाच्याच्या नव्या प्लॅनच्या १८ हजार पट. पण 'माल पोचला' अशी चिठ्ठी घेऊन गाडी परत येईपर्यंत आठ तास गेलेले असतात. म्हणजे पिंग २ कोटी ८८ लाख मिलिसेकंद. एसटीत आणखी बाकं बसवून हा आकडा कमी होत नाही, आणि भाच्यानं नेमकं तेच केलं होतं.

मग गाडी जोरात हाणायची? इथं अडचण अशी की ती आधीच जगातल्या सगळ्यात मोठ्या वेगाच्या आसपास पळतेय. निर्वात जागेत प्रकाश सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर जातो. फायबरच्या काचेत शिरला की तो मंदावतो आणि २ लाखांवर येतो. एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. जाऊन परत यायचं असेल तर १०० किलोमीटर अंतरामागे एक मिलिसेकंद, हे सूत्र पाठ करून ठेवा, फार उपयोगी आहे. भाच्याचा सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारा लांबचा संगणक, फ्रँकफर्टला आहे असं धरू. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर. म्हणजे मधे एकही राउटर नाही, एकही वळण नाही, असं धरलं तरी ६५ मिलिसेकंद जाणारच.

आणि वळणं तर आहेतच. वर्सोव्याच्या वाळूखालून निघणाऱ्या केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र अशा फिरून युरोपात पोचतात. हा रस्ता नवा नाही. १८७० मध्ये ग्रेट इस्टर्न नावाच्या अवाढव्य जहाजानं मुंबईहून एडनकडे तारेची केबल टाकली, तीही याच वाटेनं. दीडशे वर्षांनी तांब्याच्या जागी काच आली, अडचणीची जागा मात्र तीच. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबल तुटल्या आणि भारतातल्या कित्येक कंपन्यांचं इंटरनेट रांगायला लागलं. असा वळसा घालून, दर नाक्यावर राउटरला सलाम करून भाच्याचं पुडकं जातं, म्हणून त्याला पिंग दिसतो १४० च्या आसपास.

ग्रेस हॉपर या अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ व्याख्यानांना जाताना तारेचे तुकडे घेऊन जात. प्रत्येक तुकडा जेमतेम ३० सेंटिमीटरचा, शाळेच्या पट्टीएवढा. "हा एक नॅनोसेकंद," असं सांगून त्या तो हातात देत. प्रकाश एका नॅनोसेकंदात एवढंच जातो. उपग्रहामार्फत संदेश यायला इतका उशीर का होतो असं एखाद्या अॅडमिरलनं विचारलं, तर इथून उपग्रहापर्यंत असले तुकडे किती लागतील ते मोजा, हे त्यांचं उत्तर. भौतिकशास्त्र शिकवण्याची इतकी स्वस्त आणि चोख रीत मी दुसरी पाहिली नाही.

या तुकड्यांसाठी लोक डोंगर फोडतात, हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही. २०१० मध्ये शिकागो आणि न्यू जर्सी इथल्या शेअर आणि वायदे बाजारांच्या यंत्रणा जोडणारी एक नवी फायबर केबल सुरू झाली. जुन्या केबल रेल्वेच्या कडेकडेनं वळत जायच्या, ही मात्र शक्य तितकी सरळ नेली, वाटेतले डोंगर कापत. कमाई काय, तर जाऊन-येऊन दोन-तीन मिलिसेकंद. दुसऱ्याच्या आधी सौदा टाकायला तेवढे पुरतात. गंमत पुढे आहे. थोड्याच वर्षांत कुणीतरी मनोऱ्यांवरून मायक्रोवेव्हनं संदेश पाठवायला लागलं. हवेतून लहरी जवळजवळ पूर्ण वेगानं जातात, काचेतून नाही, त्यामुळे एवढी सरळ केबलही मागे पडली. आणि न्यूयॉर्कच्या एका शेअर बाजारानं तर उलटाच डाव टाकला. ६१ किलोमीटर फायबरचं वेटोळं एका पेटीत भरून ठेवलं आणि प्रत्येक सौदा त्यातून फिरवून घ्यायला लावला, म्हणजे सगळ्यांनाच ३५० मायक्रोसेकंद उशीर. गेममध्ये असं केलं तर पोरं सर्व्हर पेटवून देतील.

आता ती भिंत. अंतर कमी करता येत नाही म्हटल्यावर गेम बनवणाऱ्यांनी ते लपवायचं ठरवलं, आणि या लपवालपवीवर माझा खरंच जीव आहे. सुरुवातीच्या काळात बटण दाबलं की आज्ञा सर्व्हरकडे जायची, सर्व्हर म्हणायचा "हो, चाल", आणि मग पडद्यावरचा गडी हलायचा. चिखलात चालल्यासारखं वाटायचं. १९९६ च्या शेवटी जॉन कारमॅक या प्रोग्रामरनं क्वेकवर्ल्ड या नेमबाजीच्या गेममध्ये यावर उतारा काढला: सर्व्हरची वाट न पाहता गडी लगेच हलवायचा, तो 'हो'च म्हणेल असं गृहीत धरून. सर्व्हर 'नाही' म्हणाला तर गुपचूप मागे खेचायचा. गडी अचानक दोन पावलं मागे उडतो तेव्हा हेच घडत असतं.

म्हणजे तुमच्या पडद्यावर तुम्ही स्वतः किंचित भविष्यात असता, आणि बाकीचे सगळे भूतकाळात, कारण त्यांची बातमी यायला वेळ लागलेला असतो. आता भाचा भिंतीकडे पळतोय. त्याच्या पडद्यावर तो आत शिरला. सर्व्हरला हे कळेपर्यंत ७० मिलिसेकंद, समोरच्या नेमबाजाला कळेपर्यंत आणखी थोडे. तेवढ्या वेळात नेमबाजाला तो उघड्यावरच दिसतोय आणि त्यानं गोळी झाडली. सर्व्हरपुढे पेच: कुणाचं खरं मानायचं? बहुतेक नेमबाजीचे गेम इथं झाडणाऱ्याची बाजू घेतात. सर्व्हर घड्याळ मागे फिरवतो, नेमबाजाच्या डोळ्यांना त्या क्षणी काय दिसत होतं ते मांडतो, आणि नेम बरोबर असेल तर गोळी लागली असं जाहीर करतो. ही बातमी भाच्याकडे यायला पुन्हा ७०. सगळं मिळून दीडशे मिलिसेकंद धरा. सेकंदाला पाच मीटर पळणारा गडी तेवढ्यात पाऊण मीटर जातो. भिंतीमागे जायला पाऊण मीटर भरपूर झाला.

"मग हा अन्याय आहे," भाचा म्हणाला.

आहेच. पण उलट नियम केला तर नेम अचूक लावूनही गोळ्या हवेत जातील, आणि मग कुणीच खेळणार नाही. मला विचाराल तर झाडणाऱ्याच्या बाजूनं झुकणं बरोबर आहे. मरणारा एकदा चिडतो, पण ज्याचा नेम दर वेळी चुकतो तो गेमच काढून टाकतो.

गूगलनं २०१९ मध्ये स्टेडिया ही सेवा आणली (गेम गूगलच्या संगणकावर चालणार, घरी फक्त चित्र येणार) तेव्हा तिच्या एका अधिकाऱ्यानं 'निगेटिव्ह लेटन्सी', म्हणजे उणे उशीर, असा शब्द वापरला आणि जगभर हसं झालं. बटण दाबण्याआधीच उत्तर? खरं तर त्यामागची कल्पना इतकी वेडगळ नव्हती: खेळाडू पुढे काय करेल याचा अंदाज बांधून चित्र आधीच तयार ठेवायचं. क्वेकवर्ल्डच्याच कुळातली युक्ती. शब्द मात्र वाईट निवडला. सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली.

अंदाजावर जगणं आपल्याला नवीन नाही. आपल्या शरीरालाही पिंग आहे. मज्जातंतूतून संदेश इतका झटपट जातो की त्याचा वेग कधी मोजताच येणार नाही, असं एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या लोकांना वाटायचं. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घेऊन तो वेग मोजला आणि निघाला सेकंदाला साधारण ३० मीटर. आपल्यातले जलद तंतू १०० मीटरपर्यंत जातात. प्रकाशापुढे ही बैलगाडीच. काही दिसल्यावर बोट हलायला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. आता १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटला की फलंदाजापर्यंत पोचायला साडेचारशेच मिलिसेकंद घेतो. त्यातले निम्मे नुसते कळण्यात गेले, बॅट फिरवायलाही वेळ हवा. फलंदाज चेंडू शेवटपर्यंत बघून मारतच नाही. गोलंदाजाच्या मनगटावरून, टप्प्यावरून तो कुठे येईल हे ठरवून बॅट आधीच निघालेली असते. अंदाज चुकला तर यष्टी उडते, आणि सर्व्हर मागे खेचून घेत नाही.

टीव्हीवर बातमीदार कानात बोट घालून उभा असतो, निवेदिकेचा प्रश्न संपतो आणि तो दोन क्षण नुसता बघत राहतो, हे पाहिलंय ना? पुष्कळदा तो उपग्रहाचा पिंग असतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. प्रश्न वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला पाव सेकंद. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम भूकेंद्राची प्रचंड तबकडी उभी राहिली आणि परदेशी फोन तिथून उपग्रहावर जायला लागले. त्या काळी अमेरिकेतल्या मुलाशी बोलणारे आईवडील हमखास एकमेकांच्या बोलण्यात बोलायचे, मग दोघंही एकदम थांबायचे. काचेच्या केबल आल्या आणि ती अडखळ गेली. आताचे इंटरनेट उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात ते याच कारणानं. एवढ्या खाली फिरायचं म्हणून ते हजारोंनी सोडावे लागतात.

चंद्राला हा उतारा नाही. १९७० च्या नोव्हेंबरात सोव्हिएत संघानं लुनोखोद नावाची गाडी चंद्रावर उतरवली आणि क्रिमियातून पाचजणांचं पथक ती चालवत बसलं. आज्ञा जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद. वर चित्रं सलग नाहीतच, काही काही सेकंदांनी एक स्थिर छायाचित्र. आजच्या पोराच्या हातात असला गेम दिला तर तो फोन फेकून देईल. त्या पथकानं दहा महिन्यांत गाडी दहा किलोमीटर चालवली.

मंगळावर तर हातच टेकायचे. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा संदेश एका बाजूनं यायलाच साडेबारा मिनिटं लागत होती. इंजिन २४ मिनिटं पेटवायचं होतं. गडबड झाल्याचं बंगळुरूत कळेपर्यंत अर्धं काम आटोपलेलं असणार. म्हणून सगळ्या आज्ञा दहा दिवस आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. त्या दिवशी पडद्यांकडे डोळे लावून बसलेले शास्त्रज्ञ यान चालवत नव्हते. निकाल ऐकत होते.

विज्ञानकथांवर माझा जुना राग आहे तो यासाठी. दुसऱ्या ताऱ्यावरचा सेनापती इकडच्या राजाशी व्हिडिओ कॉलवर भांडतो आणि एकदाही "आवाज येतोय का?" म्हणत नाही. हल्ली त्याला 'क्वांटम' असा मुलामा देतात. गुंफलेले दोन कण कितीही लांब असले तरी त्यांची मापं जुळतात हे खरं, पण त्या जुळण्यातून संदेश पाठवता येत नाही. इकडे काय निकाल यावा हे तुम्हाला ठरवताच येत नाही, आणि जुळलंय की नाही हे पडताळायला साधा फोन लावावाच लागतो, प्रकाशाच्या वेगानं. एवढ्या जुन्या कथाप्रकारानं पिंगवर जगणारी पात्रं इतकी कमी द्यावीत, याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं भाच्याला सांगून झाल्यावर मी एक कामाची गोष्टही सांगितली: आईच्या फोनमधल्या फोटोंचा बॅकअप रात्री लावत जा. राउटरमध्ये पुडक्यांची रांग लागते. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रस्ता कितीही रुंद असला तरी ट्रकांमागे रुग्णवाहिकाही अडकते, तसं गेमचं पुडकं फोटोंच्या मागे अडकतं. त्यानं ते लिहून घेतलं. बाकीचं ऐकलं की नाही, कोण जाणे.

मग मी त्याला व्हॉयेजर-१ ची गोष्ट सांगितली. १९७७ मध्ये निघालेलं हे यान २०२३ च्या नोव्हेंबरपासून निरर्थक आकडे पाठवत होतं, स्मृतीची एक चिप गेली होती. २४०० कोटी किलोमीटरवरून दुरुस्ती करायची होती. त्या चिपमधला प्रोग्राम तुकडे करून स्मृतीच्या दुसऱ्या कोपऱ्यांत बसवायचा असं ठरलं. १८ एप्रिल २०२४ ला पहिली आज्ञा सुटली. ती साडेबावीस तासांनी पोचली, उत्तर आणखी साडेबावीस तासांनी आलं. २० तारखेला यान नीट बोलायला लागलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. हिशेब चालला असावा.

"पंचेचाळीस तासांचा पिंग," भाचा म्हणाला. "आणि डिस्कनेक्ट नाही झालं?"