चाकाच्या एका फेरीत चार झुक

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे काका मध्य रेल्वेतून निवृत्त झाले आणि महिनाभरात त्यांनी आतल्या खोलीत प्लायवूड टाकून रूळ अंथरले. "जन्म रेल्वेत गेला, तरी हौस फिटली नाही," इति काकू. परवा त्यांनी वाफेच्या इंजिनाचं वीतभर लांबीचं, विजेवर चालणारं मॉडेल चालवून दाखवलं. शिट्टी झाली, वाफ फुसफुसली, झुक... झुक... करत ते निघालं. माझ्या लेकीने खाली वाकून विचारलं, "आजोबा, आत मोबाईल ठेवलाय का?"

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. रेकॉर्ड केलेला आवाज मोबाईलही वाजवेल. पण तो चाकाशी जुळणार कसा?

खऱ्या इंजिनात झुक म्हणजे काम संपवून बाहेर पडणारी वाफ. ती सिलिंडरातून सुटून धुराड्यातून वर जाते आणि जाताना भट्टीतली हवा ओढून विस्तव फुलवते. दट्ट्याला वाफ दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेरीत एका सिलिंडरमागे दोन झुक. सिलिंडर दोन आणि त्यांच्यात पाव फेरीचं अंतर, म्हणून एकूण चार, सारख्या अंतराने. आपल्याकडच्या डब्ल्यूपी या जुन्या वाफेच्या इंजिनाचं मोठं चाक सुमारे १.७ मीटर व्यासाचं, म्हणजे एका फेरीत गाडी साधारण ५.३ मीटर पुढे जाते. ताशी १० किलोमीटरला सेकंदाला दोन झुक पडतात, बोटांवर मोजता येतात. ताशी ६० ला ते बारावर जातात आणि कानाला नुसती घरघर उरते.

एकच ध्वनिफीत भराभर पळवून हे साधत नाही. जुनी कॅसेट वेगात फिरवली की गायिकेची चिमणी व्हायची, तसं इंजिनाचं होतं. म्हणून खऱ्या इंजिनाजवळ ध्वनिमुद्रण करून एकेक झुक सुटा कापून ठेवतात. शिट्टी वेगळी, पंप वेगळा, कोळसा टाकणारं फावडं वेगळं. नखाएवढ्या चिपमध्ये हे सगळं मावतं. जिच्यावर ती चिप बसते त्या छोट्या पट्टीला डिकोडर म्हणतात. पुढचा झुक कधी सोडायचा, हे ती क्षणोक्षणी ठरवते.

काही मॉडेलांत त्यासाठी आसावर लोहचुंबक आणि सेन्सर बसवतात. काकांच्या इंजिनात तो नाही, तिथे खुद्द मोटरलाच विचारतात. डिकोडर मोटरला वीज सलग देत नाही, तुकड्या-तुकड्यांनी देतो. तुकडे लांब केले की वेग वाढतो. (ठाण्याहून लोकल सुटताना खालून जो चढता सूर येतो, त्यामागेही विजेची अशीच कापाकापी असते. डिकोडर मात्र ती इतक्या भराभर करतो की आपल्या कानाला लागत नाही.) अधूनमधून तो वीज क्षणभर थांबवतो. तेवढ्या वेळात फिरती मोटर उलट जनित्रासारखी वागते आणि स्वतःच थोडा व्होल्टेज तयार करते. हा व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असतो. डिकोडर तो मोजतो आणि त्यावरून झुकची वेळ काढतो.

मला यातला खरा गमतीचा भाग पुढचा वाटतो. चढावर मोटर मंदावते, तोच वेग राखायला वीज जास्त लागते. डिकोडरला तेवढ्यावरून ओझं कळतं आणि तो झुक दणदणीत करतो. उतारावर वीज कमी लागली की झुक विरतो, फक्त दांड्यांची खडखड उरते. खरा ड्रायव्हर उतारावर वाफ बंद करतो तेव्हा नेमकं हेच ऐकू येतं.

हुकूम येतात रुळांतूनच. या पद्धतीचं नाव डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या यंत्रणेवरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात तिचं प्रमाण ठरवलं. रुळांतल्या विजेची दिशा सतत उलटसुलट होत राहते. एक बाजू ५८ मायक्रोसेकंद टिकली तर तो १, शंभर टिकली तर ०. असे निरोप सेकंदाला शंभराच्या वर जातात, आणि प्रत्येकात आधी पत्ता, मग हुकूम. फलाटावरची घोषणा सगळ्यांच्या कानावर पडते, पण 'बदलापूर' ऐकून बदलापूरवालेच पुढे सरकतात, तसंच हे. शेवटी पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही तर डिकोडर निरोप सोडून देतो, कारण तोच निरोप पुन्हा येणारच असतो.

स्पीकर असतो टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, खोट्या कोळशाखाली. त्याला डबी लागतेच. उघडा ठेवला तर पुढच्या आणि मागच्या बाजूच्या लहरी एकमेकींना खातात आणि इंजिन डासासारखं बोलतं. शेजारी थोडी वीज साठवून ठेवणारा एक कपॅसिटर असतो, रुळावरच्या धुळीने वीज क्षणभर तुटली तर आवाज अडखळू नये म्हणून. ठाण्यात त्याला सुट्टी नाही.

डिकोडर बसवताना मी एकदा मदतीला गेलो होतो. मोटरचं एक टोक इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकलेलं राहिलं, ते माझ्या लक्षातच आलं नाही. रुळावर ठेवताच एक बारीक 'टिक' झालं आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. काका काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

त्यांना खरं तर हवा आहे सुलतानचा आवाज. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. आवाज टिपून परत ऐकवणारा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. त्यामुळे सुलतानची लय चाकाच्या व्यासावरून मांडता येईल, पण त्याचा गळा कसा होता हे कुठल्याच चिपमध्ये नाही.

तूर्त आहे त्याच इंजिनाची लय लावायचं चाललंय. मोठ्या चाकावर काकांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय. इंजिन अगदी मुंगीच्या चालीने सोडायचं, ठिपका वर आला की मोजायला लागायचं. काल एका फेरीत पाच येत होते. काकांनी कंट्रोलरवर एक आकडा बदलला, लेक पुन्हा रुळाशी कान लावून बसली. "साडेचार," ती म्हणाली.