व्हीएफडी लावला की वीजबिल निम्मं होतं का?

व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारं उपकरण. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: ‘कोणत्याही मोटरला व्हीएफडी लावा, बिल निम्मं.’

यात तथ्य आहे, पण ‘कोणत्याही’ या शब्दापाशी गाडी अडते. सेंट्रिफ्युगल पंप आणि पंख्याला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 80 टक्के केला तर 0.8 × 0.8 × 0.8, म्हणजे साधारण 51 टक्के. ‘निम्मं’ आलं ते इथून. पाणी उंच टाकीत चढवायचं असेल, तर तिथेही बचत याहून कमीच. कन्व्हेयरवर टॉर्क (फिरवण्याचा जोर) तेवढाच लागतो, त्यामुळे पॉवर वेगाच्याच प्रमाणात उतरते आणि माल उशिरा पोचतो. सतत पूर्ण वेगाने, पूर्ण लोडवर चालणाऱ्या मोटरला तर व्हीएफडी उलट दोन-चार टक्के स्वतःच खातो.

हवा दाबून देणारा स्क्रू कॉम्प्रेसर वारंवार अनलोड होत असेल (हवा न भरता नुसताच फिरत असेल), तर फायदा दिसतो. पण आधी हवेची गळती काढा. सुट्टीच्या दिवशी, बाकी सगळी यंत्रं बंद असताना कॉम्प्रेसर चालवा. दहा मिनिटांत तीन मिनिटं लोड घेतला, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 30 टक्के हवा गळतीतच जातेय.

बचतीची खातरजमा नुसते अँपिअर दाखवणाऱ्या क्लॅम्प मीटरने करू नका. व्हीएफडीच्या इनपुटला पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी किती खऱ्या कामाला लागतो, ते प्रमाण) सुधारतो, अँपिअर उतरतात, आणि बचत झाल्यासारखी वाटते. एनर्जी मीटर लावून आधी सात दिवस, नंतर सात दिवस युनिट मोजा आणि तयार नगांनी भागा. ऑर्डरच कमी असलेल्या आठवड्यात बिल तसंही उतरतं.