घटातले पिवळे कोंब आणि उजेडावर चालणारी एन्झाइम्स

कोल्हापुरात घट बसले की देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पत्रावळीवरच्या मातीत गहू-ज्वारीचे कोंब नऊ दिवसांत वीतभर वाढतात. लांब, लुसलुशीत आणि हळदीसारखे पिवळे. घट उठल्यावर कुणी ते टोपीत खोवतं, कुणी केसांत माळतं. राहिलेली पत्रावळ अंगणात उन्हात ठेवली, तर दिवसभरात तीच पाती हिरवी पडू लागतात.

हरितद्रव्याची बहुतेक तयारी त्या पिवळ्या कोंबात आधीच झालेली असते. शेवटाकडचा एक टप्पा अडलेला असतो. तो पार पाडणारं एन्झाइम (शाळेच्या पुस्तकातलं ‘विकर’) म्हणजे पीओआर. कच्चा माल हाताशी धरून ते उजेडाची वाट बघत बसतं. पाइनच्या रोपांकडे याच कामाचं दुसरं, अंधारात चालणारं एन्झाइम असतं. गहू-ज्वारीकडे ते नाही. एरवी एन्झाइम्सना उजेडाचं काही पडलेलं नसतं. भाकरी अंधारात खाल्ली तरी लाळेतलं अमायलेज आपलं काम करतंच. प्रकाशसंश्लेषण बाजूला ठेवलं, तर निसर्गात उजेडावर चालणारी एन्झाइम्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या एन्झाइमचा शोध मात्र निराळ्याच वाटेनं लागला. अमेरिकेत अल्बर्ट केल्नर अतिनील किरणांनी मारलेले सूक्ष्मजीव पुन्हा कशानं सावरतात, ते तपासत होते. संशय तापमानावर होता, पण आकडे काही केल्या जुळेनात. बाटल्या खिडकीजवळच्या पाण्यात ठेवलेल्या. काहींवर उजेड जास्त, काहींवर कमी. खरं कारण तेच निघालं. त्याच सुमारास रेनातो दुल्बेको यांना जिवाणू खाणाऱ्या विषाणूंमध्ये हाच प्रकार दिसला. दोघांचंही लिखाण 1949 मधलं.

पुढे क्लॉड रुपर्ट यांनी दाखवलं, की हे काम एका एन्झाइमचं आहे. त्याचं नाव फोटोलायेज. अतिनील किरणांमुळे डीएनएमधले शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या साखळीतले घटक) एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज निळा उजेड घेऊन ती गाठ सोडवतं. रुपर्ट यांचे तुर्की विद्यार्थी अझीझ सांजार यांनी त्याचं जनुक वेगळं काढलं. डीएनए-दुरुस्तीवरच्या कामासाठी 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत सांजार होते. गंमत म्हणजे माणसाकडे फोटोलायेज नाही. उन्हानं झालेली हीच इजा आपलं शरीर जास्त खटाटोपाच्या दुसऱ्या पद्धतीनं निस्तरतं.

मग बराच काळ या यादीत नवी भर पडली नाही. 2017 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना क्लोरेला या शेवाळात आणखी एक सापडलं. निळ्या उजेडात ते मेदाम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं: 16 कार्बनचं पामिटिक आम्ल आत, 15 कार्बनचं, डिझेलच्या जातीचं हायड्रोकार्बन बाहेर. इंधनवाल्यांचे कान तेव्हा टवकारले. त्याआधी वर्षभर, 2016 मध्येच, मूळची अंधारात चालणारी काही एन्झाइम्स प्रयोगशाळेत उजेडाखाली धरून त्यांच्याकडून भलतीच रासायनिक कामं करून घेता आली होती.