सौम्य दीर्घकालीन ताण (नैराश्याचे प्राणिप्रारूप)

प्रयोगशाळेतल्या उंदरांना काही आठवडे छोटे छोटे, अंदाज न येणारे त्रास देऊन त्यांच्यात नैराश्यासारखी स्थिती आणण्याची पद्धत. पॉल विल्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ती रूढ केली. ओली बिछायत, ४५ अंशांत कललेला पिंजरा, रात्रभर दिवा, अनोळखी जोडीदार असे त्रास आलटून पालटून दिले जातात. क्रम ठरावीक ठेवला तर प्राण्याला त्याची सवय होते आणि परिणाम ओसरतो.

दोन-तीन आठवड्यांत उंदीर गोड पाणी कमी पिऊ लागतो; नैराश्यात आनंद वाटेनासा होतो, त्याची ही खूण मानतात. हे मोजण्यासाठी साधे पाणी आणि १ टक्का साखरेचे पाणी अशा दोन बाटल्या लावून त्यांचे आधी-नंतर वजन करतात. काही उंदीर एकाच बाजूला पितात, म्हणून बाटल्यांच्या जागा मध्येच बदलाव्या लागतात. ठिबकून किती पाणी जाते ते कळण्यासाठी रिकाम्या पिंजऱ्यावरही एक बाटली हवी. ताणाने उंदराचे वजनही घटते. त्यामुळे नुसते मिलिलिटर पाहून चालत नाही, उंदराच्या वजनाच्या प्रमाणात हिशेब करावा लागतो.

मेंदूतला बदल भागाभागाने वेगळा असतो. न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स या आनंदाशी निगडित भागात डोपामिन या चेतापेशींमधल्या संदेशवाहक रसायनाचे डी-२ ग्राही (ते रसायन टिपणारी प्रथिने) कमी होतात. इमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध तीन ते पाच आठवडे दिल्यावर गोडाची ओढ परतते, पण डी-२ रोखणारे रॅक्लोप्राइड दिले की पुन्हा नाहीशी होते. औषधाचा गुण डोपामिनमार्गे येतो, याचा हा भक्कम पुरावा आहे. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात चेतापेशींना पोसणारे बीडीएनएफ हे प्रथिन अनेक प्रयोगांत घटलेले आढळते. उलट बलदंड उंदराकडून रोज मार खाणाऱ्या उंदरांच्या प्रारूपात, मध्यमेंदूतून अ‍ॅकम्बन्सकडे जाणाऱ्या मार्गात हेच बीडीएनएफ घातक ठरते. तिथे ते काढून टाकले की उंदीर इतरांना टाळत नाही. म्हणून भाग न सांगता ‘बीडीएनएफ घटले’ एवढेच लिहिणे दिशाभूल करणारे आहे.

रक्तातील कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचे संप्रेरक मोजताना सर्वाधिक चुका होतात. उंदीर निशाचर असल्याने या संप्रेरकाची पातळी अंधार पडण्याच्या सुमारास चढते. सर्व नमुने एकाच वेळी घ्यावेत. पिंजऱ्याला हात लावल्यापासून तीनेक मिनिटांत रक्त मिळाले नाही, तर पकडल्याचाच ताण आकड्यांत उतरतो. मेंदूतले डोपामिन मोजताना वेगळी अडचण येते: त्याचे लवकर ऑक्सिडीकरण होते. त्यासाठी मेंदूचे तुकडे बर्फावर वेगळे करून लगेच गोठवतात आणि उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतात.

केटामिन या भूल देण्याच्या औषधाचा १० मिलिग्रॅम प्रतिकिलो एकच डोस मात्र इमिप्रामिनसारखे आठवडे न घेता एक-दोन दिवसांतच गोडाची ओढ परत आणतो.