घरात मयत झाली तर आधी डॉक्टरांचा दाखला

माणूस घरीच गेला की पहिला फोन नातेवाइकांना होतो आणि दुसरा मर्तिकाच्या सामानाच्या दुकानाला. तिरडी बांधून होते, गुरुजी येतात आणि स्मशानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "डॉक्टरांचा दाखला कुठंय?" म्हणून आधी ज्यांचे उपचार चालू होते त्या डॉक्टरांना बोलवा. ते 'नमुना ४अ', म्हणजे मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला, भरून देतात. रुग्णालयात मृत्यू झाला तर 'नमुना ४' तिथूनच मिळतो. या दाखल्याला पैसे घ्यायचे नाहीत, असं जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ सांगतो.

अपघात, आत्महत्या, विषबाधा किंवा काही संशय असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं. पंचनामा, शवविच्छेदन आणि पोलिसांचं पत्र झाल्याशिवाय अंत्यविधी नाही. दहाव्याची तारीख तोंडावर आली म्हणून इथे घाई चालत नाही. नेत्रदान करायचं असेल तर मात्र सहा तासांच्या आत, म्हणून नेत्रपेढीला लगेच फोन करा.

पुण्यासारख्या शहरात अंत्यविधीसाठी महापालिकेचा पास लागतो. सोबत मृत व्यक्तीचं आधार कार्ड आणि अर्ज करणाऱ्याचं ओळखपत्र घ्या.

आता नावाचं. आमच्या मामांच्या वेळी शेजाऱ्यांनी मृत्यूच्या नोंदीच्या फॉर्मवर 'अण्णा' असं घरातलं नाव लिहून दिलं. आधारवरचं नाव कुणी पाहिलंच नाही. पुढे प्रतिज्ञापत्र, पुरावे, दुरुस्तीचा अर्ज आणि मामींच्या चार फेऱ्या. फॉर्म भरणाऱ्याच्या हातात आधार कार्डच ठेवा आणि स्पेलिंगसुद्धा एकेक अक्षर लावून तपासा.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. गाव सोलापूरकडचं आणि मृत्यू मुंबईत, तर मृत्यूचा दाखला मुंबईतूनच. खेड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) जा. मुदत २१ दिवसांची. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होतं, त्यापुढे वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वतः साक्षांकित केलेला कागद लागतो (२०२३ च्या दुरुस्तीआधी प्रतिज्ञापत्र लागायचं), वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर रुग्णालयानेच द्यायची असते, पण ती पोचली का हे आठवड्याभरात विचारून घ्या.

नोंदीनंतर मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर (डॉक्टरांच्या नव्हे) मृत्यूचं कारण छापलेलं नसतं, त्यामुळे 'अर्धवट दिला' म्हणून खिडकीवर भांडू नका. पाच-सहा प्रती एकदमच मागा. बँक, विमा, पेन्शन आणि सातबाऱ्यावरची वारसनोंद, सगळीकडे तोच कागद लागतो.