अडीच हजार हर्ट्झचा सांधा

माझ्या पहिल्या स्पीकर-जोडीचे लाकडी सांधे इतके चोख होते की मिस्त्रींनी त्यांवरून अंगठा फिरवून समाधानानं मान हलवली होती. १८ मिलिमीटरचा एमडीएफ, कडांना भरपूर फेव्हिकॉल, रात्रभर क्लॅम्प. समोर खालच्या सुरांचा साडेसहा इंची वूफर, त्याच्या डोक्यावर उंच सुरांचा एक इंची रेशमी घुमटाचा ट्वीटर, आणि दोघांना काम वाटून देणारं क्रॉसओव्हरचं तयार बोर्ड. ते बाजारातून आणलेलं. त्यावर 'टू-वे, ८ ओम, २५०० हर्ट्झ' असं ठसठशीत छापलेलं. बासरी लावली, बरी वाजली. मग गायिकेनं सूर लावला आणि बाई माठात तोंड घालून गातायत असं वाटलं.

दोन आठवडे मी लाकडालाच दोष देत राहिलो. आत आडव्या पट्ट्या ठोकल्या, गादीवाल्याकडून उशांत भरायचा पॉलिएस्टरचा पिंजलेला कापूस आणून कोंबला. माठ काही हटेना. सुटलेला सांधा लाकडात नव्हताच. वूफर जिथं बोलणं थांबवतो आणि ट्वीटर तेच वाक्य पुढं नेतो, त्या २५०० हर्ट्झच्या जागी तो सुटला होता.

मुळात दोन स्पीकर लागतातच कशाला? माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, ऐकू येतं. हवेत २० हर्ट्झच्या लाटेची लांबी १७ मीटर, म्हणजे एसटीच्या बसपेक्षा जास्त. २०,००० हर्ट्झची जेमतेम १.७ सेंटिमीटर. खालच्या सुरासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते. आवाज तेवढाच ठेवून कंपनसंख्या निम्मी केली, तर पडद्याला चौपट मागंपुढं व्हावं लागतं. म्हणून पडदा मोठा आणि लांब पल्ल्याचा हवा. पण मोठा पडदा वरच्या सुरांना अडचणीचा. लाटेची लांबी पडद्याच्या रुंदीएवढी झाली की आवाज खोलीभर पसरायचं सोडून टॉर्चच्या झोतासारखा समोरच पडू लागतो. साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग सुमारे १३ सेंटिमीटरचा असतो, तेव्हा त्याच्यावर ही वेळ २६०० हर्ट्झच्या सुमाराला येते. उलट ट्वीटरचा इवलासा घुमट खाली फार उतरवला तर धापा टाकतो. माझ्या ट्वीटरचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे तो ज्या सुरात आपसूक थरथरतो ती जागा, १००० हर्ट्झला होता, आणि त्याच्या दुपटीच्या खाली त्याला कामाला लावू नये असा अनुभवी लोकांचा दंडक आहे. वरून वूफरची मर्यादा, खालून ट्वीटरची, मध्ये उरते ती चिंचोळी पट्टी. दैवदुर्विलास असा की २००० ते ५००० हर्ट्झ हाच आपल्या कानाचा सर्वांत तिखट प्रदेश. सदऱ्याची शिवण नेमकी छातीवर यावी तसं हे.

चुंबकाच्या फटीत कॉइल, कॉइलला चिकटलेला कागदी कोन, म्हणजे तो हलणारा पडदा, हा आजच्या स्पीकरचा साचा अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. शंभर वर्षांत कागदाच्या जोडीला पॉलिप्रॉपिलिन आलं, चुंबक बदलले, पण राइस-केलॉग आज माझ्या टेबलावरचा वूफर बघतील तर लगेच ओळखतील.

पेटीचं काम काय, हे समजून घ्यायचं तर एक खेळ करावा. सुटा वूफर ॲम्प्लिफायरला जोडून हातात धरा आणि तबला लावा. किनारीवरचा 'ना' ऐकू येईल, डग्ग्याचा घुमार गायब. आता मोठ्या पुठ्ठ्याला वूफरएवढं भोक पाडून त्यावर तो दाबून धरा. घुमार परत येतो! कोन पुढं येताना समोरची हवा दाबतो, तेव्हाच मागची विरळ करतो. कडेवरून वळसा घालून हे दोन्ही एकमेकांना भेटले की खालचा सूर जिथल्या तिथं जिरतो. पुठ्ठा ती भेट टाळतो, पेटी आणखी पक्की टाळते.

पेटी पूर्ण बंद ठेवता येते किंवा तिला नळी बसवता येते. नळीचं तत्त्व रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे: नळीतली हवा म्हणजे वजन, पेटीतली हवा म्हणजे स्प्रिंग. बेल लॅब्जमधल्या अल्बर्ट थुरासला अशा पेटीचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. माझी पेटी बाहेरून २१ बाय ३० बाय ३९ सेंटिमीटर. आतलं माप सव्वासोळा लिटर, वूफर, पट्ट्या आणि नळीनं खाल्लेली जागा वजा जाता निव्वळ १५. तिला ४५ हर्ट्झला घुमवायचं तर आतून ५ सेंटिमीटर व्यासाची, सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर लांब नळी लागते. नळाच्या दुकानातला पीव्हीसी पाइप त्याला पुरतो.

पण १५ लिटरच का? १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी दाखवून दिलं की वूफरचे मोजके आकडे हाती असले तर पेटी कागदावरच बेतता येते. अनुनादाची कंपनसंख्या, त्या अनुनादाला बसणारा लगाम, आणि कोनाच्या लवचिकपणाएवढी लवचिक हवा किती लिटर होते, हे तीन मुख्य. शेवटचा आकडा घरी काढता येतो. कोनावर माहीत असलेलं वजन ठेवायचं आणि अनुनाद किती खाली घसरला ते बघायचं. मी आधी नाणी ठेवू पाहिली. आपली स्टेनलेस स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात हे विसरलो होतो. शेवटी स्वयंपाकघरातून १२ ग्रॅम कणीक तोलून आणली आणि तिचं कडं कोनावर थापलं. घरच्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. वूफरच्या कागदपत्रात अनुनाद ४२ हर्ट्झ होता, माझ्या हाती ५१ आला. रात्रभर वाजवून कडेचं रबर जरा सैल केल्यावर ४६. तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं की छापील आकडा आणि हातातली वस्तू यांच्यात अंतर असतं.

लाकूड जितकं जाड तितकं चांगलं, हाही एक लाडका समज. बीबीसीच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांत मावेल असा एलएस३/५ए नावाचा छोटा टू-वे स्पीकर केला. त्याची बर्च प्लायची भिंत फक्त १२ मिलिमीटरची, आतून कंपन शोषणारे थर लावलेली. पातळ भिंत थरथरते, पण तिची थरथर लवकर आणि खालच्या सुरात विझवता येते. माणसाचा आवाज स्वच्छ राहतो. हा स्पीकर आजही लोक जपून वापरतात.

आता मूळ दुखणं. क्रॉसओव्हर म्हणजे दोन वाटा. कॉइल उंच सुरांना अडवते, म्हणून ती वूफरच्या वाटेवर. कंडेन्सर खालच्या सुरांना अडवतो, म्हणून तो ट्वीटरच्या. पुस्तकी सूत्रात ८ ओम आणि २५०० हर्ट्झ घातले की दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे प्रत्येक वाटेवर एक कॉइल आणि एक कंडेन्सर असलेल्या, गाळणीसाठी १.०२ मिलिहेन्रीची कॉइल आणि ३.९८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर येतो. ही मांडणी १९७६ मध्ये ह्युलेट-पॅकार्डच्या सिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी दिलेली, आणि गणित म्हणून सुरेखच आहे. तयार बोर्डवर जवळपास हेच भाग होते.

सूत्र मात्र धरून चालतं की समोर ८ ओमचा, म्हणजे प्रत्येक सुरात विजेला सारखाच विरोध करणारा, साधा रेझिस्टन्स बसलाय. वूफरच्या टोकांना मल्टिमीटर लावा, तो पावणेसहा ओम दाखवेल. ४६ हर्ट्झच्या अनुनादाला तोच वूफर तिशी ओलांडतो. वर जावं तसा त्याच्या कॉइलचा विरोध वाढतच जातो, आणि २५०० हर्ट्झला, जिथं गाळणीनं काम करायचं, तिथं ८ ओमचा पत्ताच नसतो. म्हणजे '८ ओम' हे वूफरचं माप म्हणण्यापेक्षा त्याचं घरातलं हाक मारायचं नाव. त्यावर उपाय स्वस्त आहे. ७ ओमचा रेझिस्टन्स आणि १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर एकामागे एक जोडून ती जोडी वूफरला समांतर लावली की वाढता विरोध बराचसा सपाट होतो.

दुसरी गफलत पेटीच्या रुंदीची. उंच सूर पेटीच्या दर्शनी फळीवर टेकून समोर येतात, खालचे सूर मात्र पेटीला वळसा घालून मागंही सांडतात. २१ सेंटिमीटर रुंदीच्या फळीला हा बदल साडेपाचशे हर्ट्झच्या आसपास होतो. परिणामी गाण्याचा मधला भाग फुगून पुढं येतो आणि छातीतला आवाज मागं पडतो. माझा माठ निम्मा इथं होता.

उरलेला निम्मा दोघांच्या वेळेत. ट्वीटरचा घुमट फळीच्या तोंडाशी, वूफरची व्हॉइस कॉइल कोनाच्या तळाशी, दोन-अडीच सेंटिमीटर मागं. एवढंसं अंतर खालच्या सुरांना कळतही नाही. पण २५०० हर्ट्झला लाटच १३.६ सेंटिमीटरची, तिथं अडीच सेंटिमीटर म्हणजे, पूर्ण लाट ३६० अंश धरली तर, ६५ अंशांहून जास्त चूक. ज्या सुरात दोघांनी एकदिलानं गायचं, तिथंच एक मागं रेंगाळतो.

हे सगळं कानानं शोधणं म्हणजे अंधारात सुई शोधणं. मोजणीचा एक साधा माइक आणि फुकट मिळणारं आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं. खोलीचे प्रतिध्वनी कसे टाळायचे? स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून १.२ मीटर उंच, एकमेकांपासून १ मीटर. थेट आवाज १ मीटर चालतो, जमिनीवर आपटून येणारा २.६ मीटर. तो सुमारे ४.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि सॉफ्टवेअरला सांगता येतं की त्यापुढचं ऐकूच नकोस. या कात्रीनं साधारण २१५ हर्ट्झच्या वरचं चित्र खरं मिळतं, खालचं माइक कोनाला जवळजवळ टेकवून वेगळं घ्यायचं. कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर, दुपारी पंखा बंद करून, घामाघूम होत मी कोणत्या सुराला किती आवाज येतो त्याची पहिली रेघ काढली. २३०० हर्ट्झला खोल दरी होती. ट्वीटरच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि दरी भरून आली. लिंकविट्झ-रायलीच्या या मांडणीत ट्वीटर उलटाच जोडावा लागतो. बोर्ड करणाऱ्यानं खुणा छापायच्या राहून गेल्या होत्या.

एवढ्यानं भागलं नाही, पण वाट दिसली. वूफरची कॉइल १ वरून १.८ मिलिहेन्रीवर नेली, म्हणजे ती उतार लवकर सुरू करते आणि फुगलेला मधला भाग बसतो. तांब्याची इनॅमल तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते. १८ गेजची घेऊन लाकडी रिळावर घरीच गुंडाळली. ट्वीटर वूफरपेक्षा सुमारे ४ डेसिबल तडफदार, म्हणून त्याच्या वाटेत ३ ओमचा एक आणि समांतर १४ ओमच्या जवळपासचा एक रेझिस्टन्स. ४ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तर घरात डोक्यावरच फिरत असतो: छताच्या पंख्याचा, पॉलिप्रॉपिलिनचा, ४४० व्होल्टचा. परदेशी सोनेरी वेष्टनातल्या कंडेन्सरशी मी तो मोजून ताडून पाहिला. माझ्या माइकला फरक दिसला नाही, मला ऐकू आला नाही. एक काळजी मात्र घ्यावी. दोन कॉइल शेजारी शेजारी समांतर ठेवल्या तर त्यांचा आपसात ट्रान्सफॉर्मर होतो. एक आडवी, एक उभी, आणि मध्ये वीतभर अंतर.

शेवटची तपासणी मजेशीर आहे. ट्वीटर मुद्दाम चुकीच्या बाजूनं जोडून मोजायचा. दोघं खरोखर बरोबर चालत असतील तर आता ते एकमेकांना तंतोतंत खोडतील आणि २५०० हर्ट्झला विहिरीसारखा खड्डा पडेल. माझा खड्डा २२ डेसिबल खोल निघाला तेव्हा मी एकटाच टाळी वाजवली.

मग तंबोरा लावला. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना तंबोऱ्याची जवारी (घोडीवर तारेला मिळणारा झणकार) आणि तिच्यातून उमटणारी स्वरांशांची, म्हणजे मूळ स्वराबरोबर निघणाऱ्या वरच्या सुरांची, रांग यांच्याकडे लक्ष वेधलं होतं. एकाच तारेचे स्वरांश वूफरच्या हद्दीतून निघून ट्वीटरच्या हद्दीत जातात. सांधा उघडा असेल तर ती रांग मध्येच तुटते आणि खाली एक तंबोरा, वर एक झांज असं ऐकू येतं. त्या दिवशी एकच तंबोरा वाजत होता.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सवयीनं आधी पेटीवर टिचकी मारली. "लाकूड तेच ना?" म्हणाले. तेच, म्हटलं. ते स्पीकरसमोर उभेच राहून ऐकत होते, आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "साहेब, अजून थोडं माठातच आहे."

मी चक्रावलो, मग ध्यानात आलं. वूफर आणि ट्वीटरच्या मध्यांतलं अंतर १४ सेंटिमीटर, म्हणजे लाटेच्या लांबीएवढंच. समोर बसलेल्याला दोघं सारख्या अंतरावर. पण साधारण ३० अंश वर गेलं की एकाचा आवाज अर्धी लाट मागं पडतो आणि सांध्याच्या जागी पुन्हा दरी येते. बुटक्या स्टँडसमोर हातभर अंतरावर उभा माणूस त्या दरीत कान घालूनच असतो.

"मिस्त्री, जरा मागं त्या खुर्चीत बसा बघू."

ते बसले. गाणं थोडा वेळ चालू राहिलं.

"मग आधीच बसायला सांगायचं ना," ते म्हणाले.